मंगळवारची सुट्टी

राउशान आणि तालगात यांची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं ते एका जागेवरून.

सप्टेंबर संपत आला होता. कारागांदा शहराच्या ज्या टोकाला इमारती संपतात आणि नुसता माळ सुरू होतो, तिथे पूर्वी बालवाडी असलेल्या एका बैठ्या इमारतीत वृद्धांचं निवासस्थान होतं. भिंतींवर अजून ससे आणि अस्वलं रंगवलेली होती. राउशान मुद्दाम न कळवता आली होती, तीही ऐन जेवणाच्या वेळी. सकाळी दहाला पाहुण्यांना दाखवायला कुठलीही जागा चकचकीत करता येते, हे तिला माहीत होतं. नीट माहीत होतं.

लांबलचक टेबलाभोवती वीसेक म्हातारी माणसं बसली होती. आणि अगदी दाराशी, जिथे घरात धाकटी सून बसते तिथे, चाकाच्या खुर्चीत सगळ्यांत थकलेले आजोबा होते. राउशानचं डोकंच फिरलं. दारापासून सर्वांत लांबची जागा म्हणजे तोर, आणि तोर थोरल्याचा, हे कझाख घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही.

समोरून एक उंच माणूस सुपाचे वाडगे घेऊन येत होता. तिने त्यालाच धरलं.

"ह्या आजोबांचं वय काय?"

"एक्याण्णव."

"आणि त्यांना दाराशी बसवलंय? तोरावर कोण बसलंय? तो सत्तरीचा पोरगा?"

"सत्तरीचा पोरगा ऐकतोय बरं का," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

उंच माणसाने वाडगे शांतपणे खाली ठेवले. "अता," तो आजोबांना म्हणाला, "ह्या हानिम म्हणतायत, तुम्ही तोरावर बसावं. जाता का?"

"गेलो होतो की मागच्या महिन्यात," आजोबा म्हणाले. "सगळ्यांनी उठून जागा दिली. मोठा मान झाला. आणि तिथून संडासापर्यंत पोचेस्तोवर विजार गेली! मला इथेच राहू दे पोरी. दोन धक्क्यांत पोचतो."

सगळं टेबल हसलं. राउशानचे कान तापले.

"आणखी काही तपासायचंय?" उंच माणसाने विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती… पण डोळ्यांत होती.

"पुष्कळ."

"मग आधी सूप घ्या. उपाशीपोटी तपासलंत तर आम्हा सगळ्यांना नापास कराल."

तो तालगात. तिथला मुख्य परिचारक. त्याआधी बारा वर्षं कोळशाच्या खाणीत बचाव पथकात होता.

राउशानचे वडील सेरिकबाय त्याच आठवड्यात तिथे आले, एका महिन्याच्या बोलीवर. उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीभ मात्र शाबूत होती, पूर्वीपेक्षा धारदारच. राउशान विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करायची, पाचव्या मजल्यावर राहायची, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. एकदा त्यांना उचलताना तिच्या हातून ते निसटले, आणि बापलेक दोघं न्हाणीघराच्या फरशीवर अर्धा तास तसेच बसून राहिले. तेव्हा सेरिकबायच म्हणाले होते, "बाळ, हे आपल्याच्यानं होणारं नाही." आत्याने फोनवर ऐकवलंच : जिवंत बापाला परक्यांच्या हवाली करतेस, लोक काय म्हणतील! लोकांची राउशानला फारशी भीती नव्हती. भीती वेगळीच होती.

अकरा महिन्यांपूर्वी तिची आई गेली. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि मग शहरातल्या एका दुसऱ्या संस्थेत एकोणीस दिवस. तिथे खिडकीत फुलं होती, व्यवस्थापकीण गोड हसायची, चादरींना साबणाचा वास यायचा. आणि त्या चादरीखाली आईच्या कमरेला जखम झाली होती. ती कुणी सांगितली नाही. जखम आतपर्यंत गेली, आणि आईही.

म्हणून ह्या वेळी राउशान रोज येत होती. कधी सकाळी, कधी दुपारी, एकदा तर वाऱ्याने बस बंद पडली तेव्हा चालत. महिना संपला की दोनच गोष्टी शक्य होत्या : कायमच्या कागदावर सही, नाहीतर आकेंना, म्हणजे वडिलांना, परत घरी नेणं.

"आज काय बघणार, राउशान-हानिम?" बाईसाहेबांना विचारावं तसा तालगात दारातच विचारायचा.

"नखं."

तो स्वतःचे दोन्ही हात पुढे धरायचा. रुंद, कोळशाच्या जुन्या निळसर खुणा असलेले हात. "ह्यांच्यापासून सुरुवात करा."

"मी रहिवाशांची म्हणाले."

"मीही इथेच राहतो की जवळजवळ. घरी फक्त माझी उशी राहते."

ती हसू दाबायची. नखं खरोखर पाहायची. घंटा वाजल्यावर कोणी यायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजायची. पाण्याचा पेला आकेंच्या चांगल्या हाताकडे ठेवलाय की नाही, ते पाहायची. बालवाडीची बुटकी बेसिनं चाकाच्या खुर्चीला नेमकी बसतात, हेही तिने पाहिलं. आणि तालगात माणसाला उचलतो कसा, हे तर ती पाहतच राहायची. आधी कानाशी वाकून काहीतरी सांगायचा, मग एक हात खांद्यांखाली, एक गुडघ्यांखाली, आणि माणूस वर यायचा… जणू त्या माणसानेच उठायचं ठरवलं होतं.

"काय सांगता त्यांच्या कानात?" तिने एकदा विचारलं.

"कुठे चाललोय ते. खाणीत दबलेला माणूस सगळ्यांत जास्त त्यालाच घाबरतो. आपल्याला कुठे नेतायत, कळत नाही ना."

"आणि माझ्या वडिलांना काय सांगता?"

"ते मला सांगू देत नाहीत. तेच सांगतात : उजवीकडून धर, गाढवा."

ऑक्टोबरमध्ये पहिला भुरभुरता बर्फ पडला तेव्हा तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. वारा असा की बोललेलं तोंडातून उडून जावं. ती थांब्याच्या पत्र्याआड उभी राहिली. तो वाऱ्याच्या बाजूला.

"तुम्ही पत्र्याआड या ना," ती म्हणाली.

"दोघं मावणार नाही."

"मावू…" ती म्हणाली, आणि स्वतःच गप्प झाली. मग बस आली.

त्या संध्याकाळी ती घरी दिवा न लावता बसली. तिला एक गोष्ट लख्ख कळली होती, आणि ती आनंदाची असायला हवी होती. पण मागच्या वेळीही आपण एका हसऱ्या चेहऱ्यावर विसंबलो होतो, हे तिला विसरता येईना. आता आपण ती जागा पारखतोय, की त्या माणसाला पाहायला जातोय? सेरिकबायचं उरलेलं आयुष्य तिच्या नजरेवर अवलंबून होतं, आणि नजरच भरवशाची राहिली नव्हती.

पुढचे पाच दिवस ती गेली नाही. ग्रंथालयात वर्षाची मोजणी आहे, असं तिने आकेंना फोनवर सांगितलं.

सहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तालगातचा फोन आला.

"राउशान-हानिम, तुमच्या वडिलांच्या डाव्या टाचेला जखम झालीय. छोटी आहे, फोड आहे. पण आहे. आज सापडली, चारेक दिवसांची असावी. चूक आमची आहे. माझी आहे. डॉक्टर येऊन गेले. तुम्ही या."

ती कशी पोचली, तिला आठवलं नाही. सेरिकबाय पलंगावर होते, पाय उशीवर अधांतरी ठेवलेला. टाच लालभडक, मध्ये नाण्याएवढा फोड. शेजारी अकमारल उभी होती. पन्नाशीची, धिप्पाड, एरवी जिच्या आवाजाने काचा थरथरायच्या ती परिचारिका कोरडेच हात एप्रनला पुसत होती.

"पाय रोज बघता म्हणाला होतात," राउशान म्हणाली. तिचा आवाज शांत होता, म्हणून जास्त वाईट वाटला. "रोज."

"मी म्हटलं त्यांना, मोजे काढू या," अकमारल म्हणाली. "चार दिवस म्हटलं. अता म्हणाले, हात लावू नकोस. वडीलधारा माणूस… मी कशी ओढणार? वरवर अंग पुसलं."

"आणि तुम्ही?" तिने तालगातकडे पाहिलं.

"मीही विचारलं. ते नाही म्हणाले, आणि मी मान खाली घातली." तो तिच्या नजरेला नजर देऊन बोलत होता. "खाणीत आम्ही कोणाची परवानगी घ्यायला थांबलो नाही कधी. इथे मात्र वयाचा मान राखत बसलो. आज मी जबरदस्तीने मोजा काढला. त्यांनी मला जे म्हटलं ते सांगत नाही."

"आके, का?" राउशान वळली.

सेरिकबाय भिंतीवरच्या अस्वलाकडे बघत राहिले. मोजे खुर्चीवर होते. उंटाच्या लोकरीचे, जाडजूड, एकाची टाच दुसऱ्यापेक्षा मोठी. आईच्या हातचे, शेवटचे.

"काढले की ही बाई धुवायला टाकणार," ते अखेर म्हणाले. "यंत्रात घालणार. आक्रसले म्हणजे? दुसरे कोण विणून देणार आहे मला?"

अकमारलने तोंड फिरवलं.

राउशान बाहेर आली. कपडे टांगायच्या खोलीत मुलांच्या उंचीच्या खुंट्या होत्या. तिथल्या बुटक्या बाकावर ती बसली. थोड्या वेळाने तालगात आला आणि दाराशीच थांबला.

"ओरडा माझ्यावर," तो म्हणाला. "बरं वाटेल."

"मला ओरडता येत नाही." ती हातांकडे बघत होती. "माझी आई… त्या दुसऱ्या जागी. बाराव्या दिवशी मी तिच्या पांघरुणाला हात घातला होता. चादर सारखी करायला. ती म्हणाली, राहू दे, थंडी वाजते. मला वास आला होता, तालगात. थोडासा. पण ती आई होती… ती राहू दे म्हणाली, आणि मी राहू दिलं." तिने बाहीने डोळे पुसले. "सगळ्यांना सांगते, त्या लोकांनी लपवलं. लपवलंच. पण हात माझाही होता पांघरुणावर."

तो आत आला आणि तिच्या समोर, तसल्याच बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसला. काही समजावलं नाही. ती रडून थांबेपर्यंत तिथेच बसून राहिला.

"तुम्ही मला फोन का केलात?" तिने मग विचारलं. "मी आले नसते अजून चार दिवस. फोड भरून आला असता. मला कधीच कळलं नसतं."

"मला कळलं असतं ना."

"ह्यामुळे मी त्यांना घरी नेईन, असं नाही वाटलं?"

"वाटलं. मग तुम्ही परत येणार नाही, असंही वाटलं. फोन हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो… खोटं कशाला सांगू."

बाहेर वाऱ्याने एक खिडकी आपटली. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

"मला एक तक्रार करायचीय," राउशान म्हणाली.

"करा."

"तुम्ही मला आवडता. आणि त्यामुळे मला ही जागा धड पारखता येत नाहीये. तुम्ही समोर असलात की सगळंच चांगलं दिसतं."

तालगातचे कान हळूहळू लाल झाले. "ही… ही तक्रार लेखी देणार का?"

"हसू नका."

"नाही हसत. पहिल्यांदाच आलीय अशी." त्याने तळहात गुडघ्यांवर पुसले. मग गंभीर होऊन म्हणाला, "मंगळवारी माझी सुट्टी असते. मंगळवारी या. मी नसताना बघा. मी नसताना जर ही जागा बरी नसेल, तर ती बरीच नाही. मग त्यांना घेऊन जा. मी स्वतः पाच मजले उचलून नेईन त्यांना."

"आणि मी घेऊन गेले तर तुमचं काय?"

"ते बुधवारी बघू," तो म्हणाला.

महिन्याचा शेवटचा दिवस मंगळवारच होता. राउशान सकाळी नऊला गेली आणि तीन वाजेपर्यंत कोपऱ्यात बसली. आकेंच्या खोलीचं दार उघडंच होतं.

"चला अता, मोजे," अकमारलचा आवाज पूर्ववत काचा हलवत होता.

"नाही म्हटलं ना!"

"ऐकलं. पाय वर."

"माझी सासूसुद्धा इतकी दुष्ट नव्हती."

"ती तुमची टाच बघत नव्हती ना. आणि हे मोजे मी हातानं धुते, कोमट पाण्यात, सावलीत वाळवते. विचारा तुमच्या मुलीला, काल फोन करून रीत विचारून घेतली. ओरडा, ओरडा. छाती मोकळी होते."

फोड सुकत होता. भोवतीची लाली फिकी पडली होती. टाच पाहून झाल्यावर अकमारलने वेळ लिहिली, आणि दोन तासांनी कोणी न सांगता परत आली. मधल्या वेळेत एकदा घंटेला उत्तर यायला सात मिनिटं लागली. राउशानने ते जाऊन सांगितलं, आणि कोणी सबबी सांगितल्या नाहीत. सेरिकबाय तोवर एक्याण्णववाल्या आजोबांशी बुद्धिबळात हरत होते आणि पट वाकडा आहे म्हणत होते.

"जा तू घरी," ते तिला म्हणाले. "सारखी बसून राहतेस. माझी चाल चुकते."

तीन वाजता तिने कार्यालयात जाऊन कागदावर सही केली. सही स्वच्छ आली.

बाहेर फाटकाशी तालगात उभा होता. फाटकाच्या पलीकडे, रस्त्यावर. कॉलर वर, नाक लाल, भुवयांवर बर्फाचे कण.

"कधीपासून उभे आहात?"

"तुम्ही आत गेलात तेव्हापासून."

"सहा तास? वेड लागलंय का! आत यायचं ना."

"आज मी आत असायला नको होतं ना." त्याला ओठ नीट हलवता येत नव्हते. "काय… ठरलं?"

"सही केली."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. "मी नसताना?"

"तुम्ही नसताना. अकमारल आहे, ती पुरी पडते. तुमची आठवणसुद्धा कोणी काढली नाही."

"बरं झालं," तो म्हणाला; आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान आणि किंचितसा रुसवा एकदमच उमटला. "म्हणजे माझी काही गरज नाही म्हणायची."

राउशानने फाटक ओढून घेतलं. माळावरून वारा सरळ येत होता. तिने हातमोजा काढला आणि त्याचा गारठलेला हात हातात घेतला.

"तिथे नाही," ती म्हणाली.