पेटीजवळची शेकोटी

शिवकन्येनं शेकोटी पेटवली ती चांगल्या मनानं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

परतूरच्या शिवारात तिच्या बापाच्या, रखमाजीच्या, बांधाला लागून सरकारनं तारेचं कुंपण घातलं होतं. आत चार पायांवर एक पांढरी पेटी, आणि पेटीत काचेच्या नळ्या. रोज पहाटे एक माणूस यायचा, नळ्या बघायचा आणि थंडीचा आकडा तारेनं पुण्याच्या वेधशाळेला कळवायचा. त्या हिवाळ्यात हा माणूस नवा होता. पोरगेलाच, अंगात कोपरावर विरलेला स्वेटर. हरभऱ्याला पाणी द्यायला आलेल्या शिवकन्येला तो रोज हातावर फुंकर मारताना दिसायचा. तिला कणव आली. एका पहाटे, तो यायच्या आत, तिनं कुंपणाला लागूनच कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मोठा जाळ केला.

तो आला. जाळ बघून आधी पेटीकडंच धावला.

“हे कोणी केलं?”

“म्या. शेका की जरा. रोज काकडून राह्यलात.”

“बाई, मी काकडलो तर चालतंय. पेटी शेकायची न्हाई. आता पुण्याला वाटंल, परतूरला थंडीच न्हाई.”

“मंग वाटू द्या की. पुण्याच्या लोकायला तेवढंच बरं वाटंल.”

त्याला हसू आवरेना. त्या दिवशी त्यानं ‘आकडा बिघडला’ अशीच तार केली, आणि जाळ आता पेटलाच आहे तर वाया कशाला घालवा म्हणून शेकायला बसला. जाळापलीकडं ती बसली. इकडून तो बघायचा, तिकडून ती... आणि मध्ये धूर. नजर चोरायला धुराचं निमित्त बरं असतं.

त्याचं नाव मच्छिंद्र. जालन्याच्या बौद्धवाड्यातला, घरात पहिलाच शिकलेला. दुसऱ्या दिवसापासून शेकोटी पार लांब, विहिरीपाशी गेली. पण विझली नाही.

“एवढ्याशा नळीसाठी सरकार तुमाला पगार देतं?” ती चिडवायची.

“उत्तरेत बर्फ पडला का गार वारा निघतो,” तो काडीनं मातीत अख्खा देश काढायचा. “पंजाब, राजस्थान, मंग माळवा. गावोगावचे आकडे पुण्याला नकाशावर मांडतात. मंग कळतं लाट कुठवर आली, उद्या कोणाच्या दारात जाणार.”

“आन् कळून काय करायचं? थंडी काय वाट बदलती?”

त्यानं सांगितलं, ते काडीकडं बघतच. त्याचा बाप भिवा आडतीवर हमाल होता. अशाच एका लाटेत उघड्यावर कापसाच्या गाठींशेजारी निजला, तो सकाळी उठलाच नाही. “आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर आडोशाला निजला असता. बस, एवढंच.”

शिवकन्येनं हुरड्याचं कणीस निखाऱ्यात सरकवलं. त्याच क्षणी तिचा जीव त्याच्यावर जडला, हे तिला स्वतःलाही पुरतं कळलं.

संक्रांत झाली आणि मच्छिंद्राची बदली आली. पुण्याला, त्या नकाशावरच. जायच्या आदल्या दिवशी दोघं विहिरीपाशी उभी राहिली.

“तुमचं बरं हाय. तिथं देशभराची थंडी बघत बसा.”

“एकाच गावची बघीन.” तो अडखळला. “शिवकन्या... मी तुझ्या बापाला विचारायला येऊ का?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बाप ऐकेल का? गाव ऐकेल? उत्तर तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही.

“मला... मला धीर यायचा हाय आजून.”

“मंग असं कर. धीर आला का पेटीजवळ शेकोटी पेटव. चौफेर थंडी आन् एकटं परतूर उबदार दिसलं, न्हाईतर परतूरचा आकडा बिघडला अशी तार आली, का मी त्याच दिवशी गाडी धरीन.”

पत्राचा मार्ग बंदच होता. पुण्याला पोचायच्या आधी सारं गाव ते पत्र वाचून मोकळं झालं असतं.

महिना गेला. मग एका संध्याकाळी रखमाजी जेवताना म्हणाला, “परवा राजूरची माणसं येऊन राह्यलीत. सुपारी फोडून टाकू.” सुपारी फुटली की शब्द गेला, मग माघार नाही. शिवकन्येनं हातातला घास ताटात ठेवला. हातात एकच सकाळ उरली होती, आणि नवल म्हणजे धीरही आला, एकदम आला. माळव्यात लाट उतरली, असं शेजारचा रेडिओ सांगत होता, पण तिचं तिकडं ध्यान कुठं.

पहाटे पऱ्हाट्यांचा भारा घेऊन ती निघाली. वाटेत कापसाच्या बाजारापाशी गाड्या उभ्या होत्या. गाडीवान गाड्यांखाली पोत्यांत मुटकुळं करून पडले होते. एक म्हातारा कण्हत होता. ती थबकली, मग झपाझप चालत पेटीशी आली. भारा टाकला. काडी ओढली.

गवतावरचं दव गोठून पांढरं पडलं होतं. असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. लाट दारात आली होती, आणि ते पुण्याला सांगणारी एवढी एकच पेटी.

तिच्या हातात काडी जळत होती. जाळ केला तर तो येणार... पण आकडा बिघडणार, आणि मग गाडीखालच्या म्हाताऱ्याला कोण सांगणार? मच्छिंद्राचा बाप तिला कधी दिसला नव्हता. आज दिसला.

बोटाला चटका बसेस्तोवर तिनं काडी धरली, मग टाकून दिली. पेटीवरचा नवा माणूस, कचरू, खोकत आला, नळ्या बघून चरकला आणि तार करायला स्टेशनाकडं पळाला. ती भारा उचलून घरी आली. वाटभर रडली, अगदी मोकळ्यानं.

दुपारी रेडिओनं परतूरचं नाव घेऊन इशारा दिला. बाजारात दवंडी फिरली. रात्री गाडीवान गोदामात निजले, आणि सकाळी सगळे उठले.

तो आकडा नकाशावर मच्छिंद्रानंच मांडला असेल. सगळ्यांत गार गाव, परतूर. त्यानं काय समजायचं ते समजलंच असेल.

ठरल्या दिवशी राजूरची माणसं आली. शिवकन्या चहा घेऊन बाहेर आली. सुपारी फुटली. होणारा सासरा शाल आवळत म्हणाला, “लई गारठा हाय बुवा तुमच्याकडं. शेकोटी पेटवत न्हाईत का, पोरी?”

“पेटवतात की,” ती खाली बघून म्हणाली. “औंदा ऱ्हायली.”