चौदाव्या स्लाइडवरचा आवाज

नावं बदलली आहेत. बाकी एक अक्षरही बदललेलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मी सूरज, बेळगावच्या वडगावचा. शास्त्रज्ञांची व्याख्यानं रेकॉर्ड करतो. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला त्याच क्षणाची स्लाइड, असं जुळवून ऑनलाइन ठेवतो.

यंदा जानेवारीत यल्लाप्पा सरांचं व्याख्यान होतं. विषय, विहिरींची घटती पाणीपातळी.

चौदाव्या स्लाइडवर सर थांबले. जवळजवळ एक मिनिट...

मला वाटलं, विसरले असतील.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घरी स्लाइड जुळवत बसलो होतो. शेजारी यंत्रमागांची खडखड चालू होती. कानाला हेडफोन.

अचानक वीज गेली. सगळे माग एकदम बंद.

लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. स्लाइड चौदा. सर गप्प. आणि त्या शांततेत...

एका मुलीचा आवाज.

"सहा मीटर दहा... सहा मीटर चाळीस..."

स्लाइडवरच्या तक्त्यातलेच आकडे! एकामागून एक. शेवटची ओळ मात्र रिकामी होती.

आवाज तिथं क्षणभर थांबला. मग...

"सर, दोरी धरा."

हेडफोन फेकलेच मी. हॉलमध्ये त्या दिवशी एकही मुलगी बोलली नव्हती.

सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"कुठंपर्यंत ऐकलास?"

"दोरी धरा... तिथंपर्यंत."

सर रडायला लागले.

"प्रियदर्शनी, माझी विद्यार्थिनी. ती जाऊन दोन वर्षं झाली. पातळी मोजाय विहिरीत उतरलती. मी दोरी सोडून फोन घ्यायला बाजूला गेलतो रं... दोनच मिनटं. घरच्यांना सांगितलं, ती एकटीच गेलती म्हणून."

"सर, व्हिडिओचं काय करू?"

"काय कापू नको. ऱ्हाऊ दे."

त्याच आठवड्यात ते तिच्या गावी, नंदगडला गेले. तिच्या आईसमोर सगळं कबूल केलं.

मला वाटलं, संपलं.

पण दहा दिवसांनी तिची आई, बायाक्का, माझ्या दारात उभी.

"माझ्या लेकीचा आवाज हाय म्हणं तुझ्याकडं. मला ऐकीव, बाबा."

नाही म्हणवेना. आधी मी स्वतः ऐकलं. चौदावी स्लाइड, तेच मिनिट...

काहीच नाही. नुसती शांतता.

"आक्का, आता काय ऐकू येत न्हाय."

"लाव तरी."

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. त्या डोळे मिटून बसल्या. मिनिट संपलं. मी व्हिडिओ बंद केला.

तरी त्या ऐकतच होत्या...

मग हळूच हसल्या.

"व्हय गं बाळ. येतो. लगीच येतो."

हेडफोन माझ्या हातात देऊन त्या शांतपणे निघून गेल्या.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. आज तीन आठवडे झाले.

फोन लावायचं धाडस होत नाही.