तीस सेकंदांची मुदत

ज्या मंगळवारी गाणं हरवल्याचं कळलं, त्या दिवशी ट्युनिसमध्ये सकाळपासून पाऊस होता आणि ओल्फाची छत्री बसमध्ये राहिली होती. ओले केस रुमालाने पुसत ती जागेवर बसते न बसते तोच फोन वाजला. अल् काफच्या एका लहानशा रेडिओ केंद्रातून लल्ला बहीजा बोलत होत्या. तिथली जुनी ध्वनिमुद्रणं त्या तीस वर्षं सांभाळत आल्या होत्या. गेल्या वर्षी ती सगळी ओल्फाच्या कंपनीने बनवलेल्या डिस्कच्या पेटीत भरली होती. जुन्या फितींना बुरशी लागली होती, म्हणून भरून झाल्यावर त्या फेकून दिल्या होत्या.

लल्ला बहीजा रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. नवरीला मेंदी लावतानाचं एका म्हातारीचं गाणं त्या ऐकत होत्या. मध्येच चार सेकंद फुटबॉलच्या सामन्याचं वर्णन लागलं, आणि मग पुन्हा गाणं सुरू झालं.

"ती बाई वारली गं," त्या म्हणाल्या. "आता ते चार सेकंद मी कुणाकडून गाऊन घेऊ?"

ओल्फाने फोन ठेवला. ती तळघरातल्या चाचणीच्या खोलीत उतरली तेव्हा एक माणूस टेबलाखाली आडवा होऊन वायर ओढत होता. वायरमन असेल असं समजून तिने त्याच्याच देखत रागाला वाट करून दिली. डिस्ककडे मागणी नेणारा आणि उत्तर आणणारा जो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम होता, तिचा संशय त्याच्यावरच होता. दोन वर्षं ती त्याच्या चाचण्या करत होती आणि त्यात कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला जाणवत होतं.

"हा ज्याने लिहिला ना, त्याला तीस सेकंद पाण्यात बुडवून ठेवायला हवं."

टेबलाखालून आवाज आला. "तीसच का?"

"त्याने डिस्कला तेवढीच मुदत दिलीय. तेवढ्यात उत्तर आलं नाही की मागणी मेली म्हणून मोकळा होतो."

"मग ठीक आहे," तो बाहेर येत म्हणाला. कपाळावर धूळ, हातात वायर... "मला पोहता येतं."

असा तिला हातिम भेटला. ड्रायव्हर त्याने पाच वर्षांपूर्वी कंपनीच्या सफाक्सच्या कचेरीत बसून लिहिला होता. आता म्युनिकच्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. करारावर सही तेवढी बाकी होती. जायचं ठरलंच तर आधी काम इथल्या लोकांना समजावून दे, म्हणून पथकाचे प्रमुख सी मुन्सिफ यांनी त्याला दोन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं होतं. ते समजून घ्यायचं होतं ओल्फाने.

मग सुरू झाली शोधाशोध. दोष पटकन सापडेल तर तो दोष कसला? हजारो गाणी या पेटीतून त्या पेटीत भरायची, आणि तीन दिवसांतून एकदा कुठेतरी एक तुकडा चुकायचा. बघायला जावं तर सगळं ठीक. ओल्फाला बसवेना. दर दहा मिनिटांनी ती पडद्याजवळ जायची, आकडा बघायची, परत यायची. हातिम पेन उघड-बंद करत राहायचा. तिने एकदा पेन काढूनच घेतलं, तर तो खुर्ची मागे-पुढे करू लागला.

दुपारी दोघं समोरच्या दुकानात लबलाबी खायला जात. वाडग्यात शिळा पाव ज्याचा त्याने फाडून घ्यायचा, मग दुकानदार वरून उकडलेल्या हरभऱ्यांचं कढत पाणी ओतणार. हातिमचे तुकडे सगळे एका मापाचे असत. ओल्फा बघत राहायची.

"सफाक्सवाले, पाव फाडताय की जडजवाहीर घडवताय?"

"तुझे तुकडे बघ. तो पाव नाही, दगडफेक आहे."

"माझं खाऊन होतं तेव्हा तुझं फाडून होतं."

"म्हणूनच तर मला तुझं खाणं बघायला मिळतं," तो म्हणाला, आणि लगेच हरिसा चटणीच्या डब्यात चमचा घालून इतका ढवळत बसला की त्याचे कान लाल झाले ते तिखटाने की कशाने, ते तिला कळलं नाही. पण त्या दिवशी तिने स्वतःचा पाव जरा सावकाश फाडला.

युक्ती सुचली ती ओल्फाला. दोष येण्याची वाट बघण्यापेक्षा त्याला बोलावून घ्यायचं. डिस्कच्या जागी त्यांनी खोटी डिस्क बसवली, आणि तिला सांगितलं की उत्तर बरोबर तिसाव्या सेकंदाला दे. केसभरही अलीकडे नाही, पलीकडे नाही. अकराव्या खेपेला गाण्यात फुटबॉल घुसला.

मग ड्रायव्हरमधली ती जागा दोघांनी एकाच पडद्यावर उघडली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला आणि दोघांपैकी कुणीच तो काढून घेतला नाही. मुदत संपली की काय करायचं, ते तिथे लिहिलं होतं. उत्तर येऊन दाराशी उभं आहे का, हे न बघताच तिथे मागणी मेल्याचं जाहीर होत होतं, आणि तिचा मेमरीतला कप्पा दुसऱ्या गाण्याला दिला जात होता. डिस्कला बिचारीला याची खबरच नाही. ती जुनं ओझं त्याच कप्प्यात टाकून मोकळी. शेजारी हातिमच्याच हातची टीप होती : 'इथवर आलो म्हणजे डिस्क मेलेलीच असणार.'

ओल्फाने ती मोठ्याने वाचली. "डॉक्टरसाहेब, नाडी तरी बघायची."

तो हसला नाही. ते चार सेकंद आपण घालवले, असं म्हणाला. तिला वाटलं, त्याच्या पाठीवर हात ठेवावा. तिने पेन परत दिलं.

त्या शुक्रवारी बसथांब्यावर पाऊस तिरका येत होता. छत्री एकच होती, आणि ती त्याने तिच्याच बाजूला झुकवली होती, त्यामुळे त्याची अर्धी पाठ भिजत होती. बस येत नव्हती. येऊ नये असंही वाटत होतं, आणि लवकर येऊन सुटका व्हावी असंही.

"म्युनिकला रविवारी संध्याकाळी सहापर्यंत सही करून पाठवायची आहे," तो म्हणाला. "तू थांब म्हणालीस तर नाही पाठवणार."

ओल्फा बसच्या वाटेकडे बघू लागली. तीन वर्षांपूर्वी, ज्याच्याशी तिचा साखरपुडा झाला होता तो मुलगा माँट्रियलला गेला होता, बोलावून घेतो म्हणून. बोलावणं आलंच नाही. अंगठी त्याच्या मावशीच्या हाती परत गेली. जाणाऱ्या माणसाला थांब म्हणायचं नाही, असं तिने तेव्हा ठरवून टाकलं होतं. शब्द आपल्या तोंडचा, आणि उद्या त्याला पस्तावा झाला तर तोही आपल्याच माथी.

"बघू," ती म्हणाली. बस आली.

शनिवार कसा गेला तिला आठवत नाही. रविवारी आईने कुसकुस केला होता. ओल्फाने दोन घास खाल्ले, भोपळा ताटाच्या कडेला सारला, चाचणी बघून येते म्हणाली आणि कचेरीत आली. ड्रायव्हर दुरुस्त केला होता. आता एका मागणीवर एकच खूण. घड्याळ असो की डिस्क, जो पहिली खूण करील मागणी त्याची, दुसऱ्याने मुकाट्याने मागे फिरायचं. आणि डिस्कने 'सोडलं' म्हणेपर्यंत कप्पा कुणालाही द्यायचा नाही. चाचणी नीट चालली होती. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बघत होती.

सी मुन्सिफ तिथे होतेच. बायको गेल्यापासून ते रविवारीही येत. घरी रेडिओ लावला तरी शांतताच ऐकू येते, असं एकदा म्हणाले होते. ओल्फाच्या येरझाऱ्या त्यांनी थोडा वेळ पाहिल्या. मग स्वतःच्या थर्मासमधला चहा तिला ओतून दिला आणि काय झालं ते विचारलं. तिने सांगितलं. आपण 'बघू' म्हणालो, तेही सांगितलं.

सी मुन्सिफ खिडकीकडे बघत बोलले. "इस्पितळात झोहराने मला विचारलं होतं, उन्हाळ्यात बिझर्तला जाऊ या का, समुद्रावर. मी म्हटलं, बघू. मला वाटलं, बरी होईपर्यंत कशाला ठरवायचं. ती पुन्हा विचारेल असं वाटलं. तिने नाही विचारलं." त्यांनी कपाचा कान पुसला. "बघू हे उत्तर नसतं, पोरी. समोरचा माणूस त्याचं काय वाटेल ते करून घेतो."

पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ओल्फाने हातिमच्या फोनवर एकच शब्द पाठवला. थांब. मग फोन मांडीवर पालथा ठेवला. सुलटा केला. पुन्हा पालथा ठेवला. सात वाजले, आठ वाजले, उत्तर नाही.

सोमवारी सकाळच्या बैठकीत हातिम म्हणाला की त्याने म्युनिकला सही पाठवली आहे, महिनाअखेर जाईल. सगळ्यांनी अभिनंदन केलं. ओल्फानेही केलं, आणि तळघरात उतरून उगाचच चाललेली चाचणी थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्याने वाचलं, आणि तरी सही केली. म्हणजे कळलं. पाय मात्र स्वस्थ राहत नव्हते, आणि डोळ्यांचंही तेच.

दुपारी तो खाली आला. लबलाबीला येतेस का, असं विचारलं. इतक्या सरळ चेहऱ्याने विचारलं की तिचा संताप उफाळला.

"तुला लाज नाही वाटत? मी एवढं लिहिल्यावर?"

"काय लिहिल्यावर?"

"नाटक करू नकोस, हातिम."

तो खरंच गोंधळला होता. मग हळूहळू त्याने सगळं सांगितलं. रविवारी चार वाजल्यापासून तो फोन हातात धरून बसला होता. सारखं बघवेना. पाच वाजता त्याने फोन बंद करून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला. सहाचा ठोका पडला आणि त्याने संगणकावरून सही करून पाठवून दिली. फोन अजून तिथेच होता, खणात, बंद.

"सही करायच्या आधी एकदा उघडून बघायचं ना," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला.

"वाटलं, तू 'बघू' म्हणालीस म्हणजे... नाहीच असणार. 'नाही' वाचायचं धैर्य नव्हतं." तो खुर्चीवर बसला. "काय लिहिलं होतंस?"

"घरी जाऊन वाच."

"ओल्फा."

लिहिताना एक शब्द होता. समोर माणूस बसला की तोच शब्द डोंगराएवढा होतो. ती पडद्याकडे बघत राहिली, आकडे पळत होते, आणि तिला कळलं की हा आत्ता उठून गेला तर आपण आयुष्यभर याच खोलीत येरझाऱ्या घालत राहू. ती वळली.

"थांब. मी थांब म्हटलं होतं. आत्ताही म्हणतेय. उद्या तुला पस्तावा झाला तर माझ्याशी भांड, पण इथे राहून भांड."

हातिमने पेन टेबलावर ठेवलं. तिचा हात हातात घेतला, आणि किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण त्या वेळात त्याचा पाय हलला नाही, खुर्ची हलली नाही.

"सही गेली आहे," तो शेवटी म्हणाला. "मागे घेता येईल का, माहीत नाही. पण मी घेणार आहे."

मग दोघांनी मिळून म्युनिकला पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य त्याला फार लाचार वाटलं, दुसरं तिला फार उद्धट. सफाक्सला त्याच्या वडिलांना काय सांगायचं, यावर अर्धा तास गेला. तिच्या आईला कोण सांगणार, हे ठरलंच नाही. पाच वाजता चार ओळी तयार होत्या आणि त्यांतल्या दोन खोडलेल्या होत्या.

पत्र अजून पाठवायचं राहिलं आहे.