फायनलची खुर्ची

नांदेडहून निघालेली लातूरची एसटी चाकूरला थांबली आणि खिडकीशी बसलेल्या समीक्षाच्या मांडीवर एक लांबलचक बॅग येऊन आदळली. बॅगेच्या मागोमाग एक उंच, सावळा मुलगा आला.

"सॉरी हं… वर ठिवायला जागाच न्हाई. रॅकेटी हायत. नाजूक असत्यात."

"आणि माणसाचे गुडघे?" समीक्षानं विचारलं.

तो असा काही ओशाळला, की तिला पुढं रागावताच येईना. बॅग स्वतःच्या पायांत उभी धरून तो शेजारी बसला. नाव संघपाल. लातूरच्या क्रीडा संकुलात व्यावसायिक टेनिसची स्पर्धा भरली होती, देशभरातले खेळाडू उतरले होते, आणि हा चाकूरचा गडी उदगीरच्या दांडग्या वीरण्णाला जोडीला घेऊन पुरुष दुहेरीत खेळणार होता. हे सगळं त्यानं कुणी न विचारता सांगितलं. मग दुःखही सांगितलं. मागच्या महिन्यात सोलापुरात त्यांची जोडी जिंकता जिंकता हरली, ती एका अंपायरबाईमुळं. ऐन मोक्याला तिनं फूटफॉल्ट दिला. म्हणजे सर्व्हिस करताना पाय रेषेवर पडला, असं ठरवलं.

"काळा गॉगल, डोळ्यांवर टोपी… दगडावानी बसली होती बाई. घरी तरी हसती का न्हाई, कुणाला ठाऊक."

"पाय होता का रेषेवर?"

संघपाल बाहेर बघत राहिला. पिवळ्या फुलांनी भरलेली तूर भराभर मागं पळत होती.

"होता," तो शेवटी म्हणाला. "पर लई न्हाई. एवढासाच."

समीक्षानं ओढणी तोंडाशी धरली. ती बाई मीच, हे सांगायची खरं तर हीच वेळ होती. पण 'होता' म्हणताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या… आणि त्या बघण्यात ती वेळ निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टोपी घातली, गॉगल लावला आणि कोर्टाशेजारी नाणेफेकीला उभी राहिली. संघपालनं आधी टोपी ओळखली, मग गॉगल. मग समीक्षानं गॉगल जरासा खाली ओढला, आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली वीरण्णाच्या बुटावर पडली.

"छापा का काटा?" तिनं विचारलं.

"व्हय," संघपाल म्हणाला.

वीरण्णानं कपाळाला हात लावला आणि स्वतःच छापा मागितला.

अंपायरनं खेळाडूशी सलगी करायची नाही, असा कडक नियम आहे. चहा नाही, फोन नाही, जिन्यात थांबून गप्पा नाहीत. समीक्षा हा नियम पाळणारी होती. कोर्टावर मात्र खेळाडूला अंपायरशी बोलता येतं, आणि संघपालनं तेवढी फट बरोबर हेरली. पहिल्या सामन्यात त्यानं नेटच्या उंचीची चौकशी केली, दुसऱ्यात चेंडू जुने झालेत का ते विचारलं. तिसऱ्यात तर विश्रांतीला घाम पुसत तो थेट उंच खुर्चीखाली येऊन उभा राहिला.

"मॅडम, एक शंका हाय."

"खेळाबद्दल?"

"नियमाबद्दल. अंपायरला हसायची परवानगी असती का?"

"टाइम," समीक्षा म्हणाली. विश्रांती संपली, असा त्याचा अर्थ. आवाज तिनं कडकच ठेवला होता. पण माइक बंद करायचा राहिला, आणि पाठोपाठ दाबून धरलेलं हसू फिस्सकन अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं.

"एनप्पा," वीरण्णा कानडीत सुरू झाला आणि मराठीत संपला, "तू माझ्या जोडीनं खेळून राहिलास का त्यांच्या?"

तरीही ही जोडी जिंकत गेली. वीरण्णाची सर्व्हिस म्हणजे हातोडा, आणि संघपाल नेटजवळ मांजरासारखा. शेजारच्या दालमिलमधली मुलं सुट्टी झाली की डाळीच्या पिठानं पांढरी झालेली डोकी घेऊन तशीच मॅच बघायला येऊ लागली.

सेमीफायनलला समोर बेंगळुरूची जोडी होती. सामना बरोबरीत येऊन निकालाच्या टायब्रेकपर्यंत ताणला गेला. समोरच्यानं चेंडू जोरात हाणला, तो संघपालच्या अंगावरून सणसणत मागं बाहेर पडला. समीक्षानं पॉइंट संघपालच्या जोडीला दिला. आता एकच पॉइंट, की फायनल. टाळ्या सुरू झाल्या, आणि संघपालनं हात वर केला.

"माझ्या रॅकेटीला लागून गेला, मॅडम. पॉइंट त्यांचा हाय."

लागलेलं कुणालाच दिसलं नव्हतं. वीरण्णा जागेवरच मटकन खाली बसला. समीक्षानं गुण बदलला. आवाज ठीक होता. त्यानं जिंकावं म्हणून आपण केव्हाचे जीव मुठीत धरून बसलोय, हे तिला त्या क्षणी कळलं. पुढचे पॉइंट ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. अखेर चाकूर-उदगीरनं सामना घेतला, आणि "गेम, सेट अँड मॅच" म्हणताना तिचा आवाज असा ओला झाला, की मुलांनी खेळाडू सोडून खुर्चीकडे बघितलं.

संध्याकाळी स्पर्धेचे सुपरवायझर धोंडप्पा सर म्हणाले, की फायनलच्या खुर्चीवर उद्या तूच. या एका वाक्यासाठी समीक्षानं किती गावांची उन्हं अंगावर घेतली होती. फायनल नीट पार पडली, तर अंपायरांच्या वरच्या परीक्षेला तिचं नाव जाणार होतं. नांदेडला आईनं शेजारणींना आधीच सांगून ठेवलं होतं. समीक्षा सरांच्या खोलीबाहेर थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली.

"सर, फायनलला मला बसवू नका."

"का? तब्येत?"

"एका खेळाडूबद्दल… माझ्याच्यानं निःपक्ष राहवणार नाही."

"काही वाईट बोलला का? आत्ता बाहेर काढतो."

"नाही सर. उलट आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उंच, का दांडगा?"

"उंच," समीक्षा फरशीकडे बघत म्हणाली.

खोलीतल्या पडद्यापलीकडं बर्फाची पिशवी धप्पकन पडली. खांद्याला बर्फ लावून तिथं बसलेल्या वीरण्णाला सगळेच विसरले होते.

"वीरण्णा, तू काही ऐकलं नाहीस," सर म्हणाले.

"न्हाई सर. उंच म्हणाल्या, ते बी न्हाई ऐकलं."

सरांनी परीक्षेचं पुढच्या वर्षी बघू म्हटलं. ती मान हलवून बाहेर आली आणि जिन्यात थोडी रडली. मग तिचं तिलाच हसू आलं.

वीरण्णानं तोंड अगदी फायनलपर्यंत मिटून ठेवलं, आणि नेमकं संघपालच्या पहिल्या सर्व्हिसआधी उघडलं. ती सर्व्हिस संकुलाची भिंत ओलांडून रिक्षास्टँडवर पडली. संघपालनं वर बघितलं. खुर्चीवर आज दुसरेच गृहस्थ का, ते त्याला आत्ता कळलं. समीक्षा प्रेक्षकांत, बिनगॉगलची, केस मोकळे सोडून बसली होती. पहिला सेट सहा-एक गेला. दुसरा त्यांनी दातओठ खाऊन ओढून आणला. शेवटी टायब्रेकमध्ये दोन पॉइंटनी हरले. वीरण्णा उपविजेत्यांचे दोन्ही करंडक काखेत मारून मुलांबरोबर फोटो काढायला गेला.

संघपाल टॉवेल गळ्यात टाकून पायऱ्या चढून वर आला. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती, म्हणून उभाच राहिला.

"तुमी खुर्ची सोडली," तो म्हणाला.

"सोडली."

"माझ्यापायी?"

"नियमापायी. जवळचं माणूस खेळत असेल, तर अंपायरला बसता येत नाही."

"जवळचं…" तो शब्द त्यानं जरा तोंडात घोळवला. "मंग आता माझ्या मॅचला कवाच बसता येणार न्हाई?"

"नातं आहे तोवर नाही."

खाली नेट सोडायचं काम चाललं होतं. संघपालनं टॉवेलनं तोंड पुसलं, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

"मंग एक इनंती हाय," तो म्हणाला. "जन्मात बसू नका."

समीक्षानं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.