चहाडखोर माग

सात नंबरचा माग पुन्हा थांबला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर आत्याचा रिकामा डबा घेऊन निघालेली चिंधी दारातच थबकली.

शेडमधले बाकीचे माग खडाखड चालूच होते. त्या गोंगाटातही विणकरांचं गाणं तिच्या कानावर आलंच. याच आठवड्यात जुळवलेलं, ताजं ताजं.

"सात नंबरच्या मागाला लागली गं डुलकी,
फिटरबाईच्या हाताची कळ निघाली हलकी."

फिटरबाई म्हणजे चिंधीची आत्या. बिघडलेले माग दुरुस्त करणं हे तिचं काम. पण सात नंबरवर तिने आपल्या डोक्यातून निघालेली एक जोडणी बसवली होती. मागावर ताणलेल्या प्रत्येक उभ्या धाग्यावर एक बारीक पत्ती, तारेवर बसलेल्या चिमणीसारखी. धागा तुटला की चिमणी खाली पडायची, खालच्या दांडीला टेकायची, आणि माग जागच्या जागी थांबायचा. तुटलेला धागा मागे टाकून कापड पुढे पळू नये, एवढंच आत्याचं म्हणणं होतं.

त्या पत्त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासायचं काम चिंधीचं. सुट्टी लागल्यापासून ती तेच करत होती. बोटांची सालं निघाली, पण तिने कुरकूर केली नव्हती.

मुकादम खांद्यावरचा टॉवेल सावरत आले.

"थांबला का नवरदेव?"

"धागा तुटलाय," आत्या म्हणाली. "पत्ती उगाच पडत नाही."

"तुटेल नाहीतर काय? धाग्यांना ब्लेडं टांगलीस तू. रोज दुपारी हाच तमाशा."

"कडा गुळगुळीत आहेत."

"घासल्या कोणी? त्या पोरीने?" मुकादमांनी दाराकडे हनुवटी उडवली.

आत्याने चिंधीकडे पाहिलं, पण बोलली काहीच नाही. तेच चिंधीला जास्त लागलं.

"चहाच्या वेळी मालकीणबाई येतायत," मुकादम म्हणाले. "त्यांच्यासमोर हे लटांबर उतरवायचं आणि भंगारात टाकायचं. यापुढे नुसता पाना फिरव. यंत्रं जन्माला घालायची हौस घरी भागव."

पाच नंबरवरची विणकर मावशी मोठ्याने म्हणाली, "बरं झालं. हे यंत्र सगळीकडे आलं असतं, तर माग आपोआप थांबतो म्हणून एकेकीच्या गळ्यात दोन-दोन माग बांधले असते."

डबा दाराशी ठेवून चिंधी बाहेर पळाली. पायरीवर तिचा धाकटा भाऊ ढापण्या आणि शेजारची रेडिओ बसले होते. भाऊ जाड चष्म्यामुळे ढापण्या, आणि शेजारीण रेडिओ, कारण तिला बंद करायचं बटणच नव्हतं.

सगळं ऐकून ढापण्या म्हणाला, "तूच कापलेस धागे. तुला म्हटलं होतं ना, टीव्ही बघत घासू नकोस."

"तू एक तरी पत्ती घासलीस का रे?"

"म्हणूनच माझा काही दोष नाही."

"भांडा, पोटभर भांडा," रेडिओ म्हणाली. "तोवर आत्याचं यंत्र भंगारवाल्याच्या गाडीत."

चिंधीने डोळे पुसले. एक गोष्ट तिला सुचत होती आणि तिची भीतीही वाटत होती. "माझ्या पत्त्या धागे कापत असतील, तर ज्या मागांना पत्त्याच नाहीत तिथे धागे तुटायलाच नकोत. बघू या. माझी चूक निघाली तर मी स्वतः आत्याला सांगेन."

कापड तपासायची खोली शेडला लागूनच होती. तिथले तपासनीस काका खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड ओढत बसले होते.

"कशाला हात लावायचा नाही," त्यांनी वर न बघताच बजावलं. "आणि बडबड नको. विशेषतः तू."

रेडिओने ओठ मिटले. एवढं तिला कधीच जमलं नव्हतं.

काचेवर पाच नंबरचं कापड होतं. काठावर खडूची एक आडवी रेघ आली. जेवणाची सुट्टी झाली की प्रत्येक विणकर तशी रेघ ओढायचा. तोपर्यंत कापड दुधासारखं एकसारखं होतं. रेघ सरली मात्र, त्यातून उजेडाची एक उभी चीर निघाली आणि लांबच लांब जात राहिली. थोड्या वेळाने दुसरी.

"हे काय, काका?"

"धागा तुटलाय आणि माग तसाच चाललाय. दुपारच्या कापडाला हा रोगच आहे. सगळ्या मागांवर."

"सात नंबरवर?"

काकांचा हात थबकला. त्यांनी सात नंबरचा तागा ओढला. खडूची रेघ आली, गेली, आणि कापड दुधासारखंच राहिलं. चिंधीने कितीतरी वेळाने श्वास सोडला.

"म्हणजे तुटतात सगळ्यांचेच," रेडिओला आता राहवेना. "बाकीचे माग गप्प बसतात आणि सात नंबर चहाडी करतो."

"तुम्ही मुकादमांना सांगितलं नाहीत?" चिंधीने विचारलं.

"एकदा सांगितलं. म्हणाले, डोळे तपासून घ्या." काकांनी दाराकडे बोट केलं. "झालं बघून? निघा आता."

बाहेर आल्यावर चिंधी थांबली. "पण दुपारीच का?"

"दुपारी झोप येते," ढापण्या म्हणाला.

"धाग्यांना?" रेडिओ म्हणाली.

चिंधी मात्र ढापण्याच्या चष्म्याकडे टक लावून बघत होती. सकाळी ती दोघं आत्याला चहा द्यायला शेडमध्ये गेली, तेव्हा तो सारखा चष्मा पुसत होता. छताखालच्या नळीतून शेडमध्ये दिवसभर पाण्याचं धुकं सोडतात. सुती धागा कोरड्या हवेत चिडका होतो, पटकन तुटतो, हे आत्यानेच सांगितलं होतं.

"आत जा आणि परत ये," ती म्हणाली.

"मला का पाठवतेस? शिव्या खायला?"

"जा म्हटलं ना."

तो कुरकुरत गेला आणि आला. काचा कोरड्या ठणठणीत.

ती नळी भिंतीतून बाहेर येऊन मागच्या कोठीत शिरत होती. तिघं तिच्या मागोमाग निघाली. कोठीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले तागे रचले होते. दाराशी चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या, आणि ताग्यांच्या गादीवर तोंडावर टॉवेल घेतलेले मुकादम घोरत होते. बरोबर त्यांच्या नाकावर नळीचं एक तोंड होतं. शेजारचा लाल चाकाचा नळ घट्ट पिळून बंद केलेला.

"अंगावर शिंतोडे नकोत म्हणून अख्खी शेड कोरडी," रेडिओ कुजबुजली.

"मालकीणबाईंना सांगू या," ढापण्या म्हणाला.

"ते उठून बसतील आणि आपल्यालाच खोटं पाडतील," चिंधी म्हणाली. "ते स्वतःच सांगतील असं करू. तू नळापाशी थांब. रेडिओ मधल्या दारात. मी हात वर केला की तिने तुला खूण करायची."

मालकीणबाई आल्या तेव्हा आत्या पाना घेऊन सात नंबरपाशी उभी होती. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"मुकादम कुठे आहेत? मला बोलावलं आणि स्वतः गायब?" मालकीणबाईंच्या कपाळावर आठी होती. "आणि हे पोर इथे काय करतंय?"

"बाई, जरा वर बघाल?" चिंधी पुढे झाली. "नळीतून धुकं येतंय का?"

मालकीणबाईंनी वर पाहिलं. आत्यानेही पाहिलं, आणि तिच्या हातातला पाना हळूच खाली आला.

चिंधीने हात वर केला.

छताखाली सुस्कारा उमटला. मागांवर पांढरं, मऊ धुकं उतरू लागलं. त्याच क्षणी कोठीतून एक आरोळी आली, आणि ओलेचिंब मुकादम टॉवेल झाडत बाहेर धावले.

"नळ कोणी सोडला? रोज मी इतका घट्ट बंद करून..."

समोर मालकीणबाई दिसल्या आणि त्यांनी टॉवेल पाठीमागे लपवला.

"रोज?" मालकीणबाईंनी विचारलं.

मुकादम छताकडे बघू लागले. शेवटी पाच नंबरवरची मावशी म्हणाली, "आम्हालाही कोरडं बरं वाटायचं. कपडे ओले होत नव्हते. कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही."

तेवढ्यात तपासनीस काका दोन तागे खांद्यावर घेऊन आले आणि पाच नंबरचं नि सात नंबरचं कापड खिडकीशी शेजारीशेजारी धरलं. मालकीणबाईंनी ती उजेडाची चीर बोटाने लांबवर चाचपली.

"नळ आजपासून फिटरबाईंच्या ताब्यात," त्या म्हणाल्या. "जोडणी उतरवायची नाही."

"ते यंत्र नाही, चहाडखोर आहे," मुकादम धुसफुसले.

"मला चहाडखोरच हवा. तुम्ही ऑफिसात या."

"आणि उद्या एकीला दोन माग द्याल," मावशीने तिथेच अडवलं.

"सध्या एकच. पुढचं पुढे भांडू." मालकीणबाई चिंधीकडे वळल्या. "डोकं चालतं तुझं. आत्यावर गेलीस." एवढं बोलून त्या ताडताड निघून गेल्या.

आत्याने एक पत्ती काढली आणि आपल्या गालावरून फिरवली. "रेशीम आहे गं ही," ती म्हणाली. "हे मी दुपारीच सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं." मग तिने चिंधीची सोललेली बोटं तळहातात घेतली आणि बराच वेळ सोडलीच नाहीत.

दारात रेडिओने सूर लावला.

"मुकादमांच्या डोळ्यांना लागली गं डुलकी,
सात नंबरची पत्ती मात्र पिसाहून हलकी."

कोणी हसलं नाही. दोघा विणकरांनी तर तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ढापण्या चष्मा पुसत होता, पुन्हा पुसत होता.

पाच नंबरवरची मावशी निघताना चिंधीपाशी थांबली. तिचं तोंड दुसरीकडेच होतं.

"एका मागाच्या पत्त्या घासायला किती दिवस लागतात गं?"

चिंधीने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"सुट्टी आहे अजून," ती म्हणाली.