हिरव्या फ्रेमचा फोर्क

शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ठाण्यात फोन आला. चोरी झाली होती. काय चोरीला गेलं, हे समजायला फौजदारबाईंना आणखी सात मिनिटं लागली.

"फोर्क गेलाय," पलीकडून आवाज आला.

"कसला?"

"सायकलचा."

"म्हणजे सायकल चोरीला गेली?"

"नाही हो! सायकल अजून सायकल झालीच नाहीये!"

फौजदारबाईंनी लिहिलेलं खोडलं आणि टोपी उचलली.

तक्रार करणारी दातांची डॉक्टर होती, वय एक्केचाळीस. थोरल्या भावासोबत एका घरात राहायची. घरामागे दोघांचं सामाईक गॅरेज होतं. अर्ध्या भागात दादांचं काम चाले. ते ओतकामासाठी लाकडी साचे बनवत. प्रत्येक साच्यावर काळ्या रंगात, ठोकळ्यांसारख्या अक्षरांत, माप लिहिलेलं होतं. उरलेल्या अर्ध्या भागात डॉक्टर गेले सात महिने एक सायकल जमवत होत्या.

"हार्डटेल आहे," त्या म्हणाल्या. "डोंगरात चालवायची. मागचं चाक थेट फ्रेमला, धक्के खायची सोय फक्त पुढे. ती सोय म्हणजे फोर्क. दोन जाड पाय आणि वर एक लांब दांडी. दांडी फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर निघते, तिच्यावर हँडल बसतं."

"आणि तेवढाच गेला?"

"तेवढाच."

भिंतीवर खुंटीला हिरवी फ्रेम टांगलेली होती. खाली दोन कोरी चाकं, गिअर आणि ब्रेक, सगळं खोक्यांत, सीलबंद. फौजदारबाईंनी सगळं पाहिलं. हाताला लागेल ते उचलणारा चोर चाकं सोडत नाही, एवढं त्यांना सायकलीतलं काही न कळताही कळत होतं.

खिडकी सताड उघडी होती. आतल्या कठड्यावर स्क्रू भरलेल्या नऊ बरण्या एका रांगेत उभ्या होत्या. एकही कलंडलेली नव्हती.

"शेवटचा कधी पाहिलात?"

"बुधवारी संध्याकाळी. काल दिवसभर दवाखान्यात होते. आज सकाळी आले तर खोकं रिकामं. दाराला कुलूप तसंच."

"चाव्या?"

"तीन. माझी, दादाची आणि स्पोकची."

स्पोक म्हणजे सायकल मिस्त्री. अंगाने इतका बारीक की त्याचं खरं नाव लोक विसरले होते. जोडणी तोच करणार होता, उद्या, शनिवारी.

"त्याच्यावर संशय आहे तुम्हाला?"

डॉक्टरांनी नजर चुकवली. "मी रागात त्याच्या नव्या मालकाला फोन केला. सोमवारपासून तो मोठ्या दुकानात लागणार होता. मी फक्त विचारलं, की कुणी असा फोर्क विकायला आणलाय का. त्यांनी विचारलं, कुणावर संशय? मी म्हटलं, चावी त्याच्याकडे आहे."

"मग?"

"ते म्हणाले, आज पाचपर्यंत पोलिसांनी त्याला मोकळं केलं नाही, तर सोमवारी दुसरा माणूस उभा करणार."

फौजदारबाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

"आधी तोंड आणि मग चौकशी," त्या म्हणाल्या. "उलटं करायचं असतं, डॉक्टर."

*

स्पोक दीडला आला. दारातच थांबला.

"आत येऊ, की आत आलो म्हणून पुन्हा नाव येईल?"

"या. काल कुठे होतात?"

"जुन्या दुकानात. शेवटचा दिवस होता. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत, समोर चार माणसं. त्यांना विचारा. पण रात्री आठ ते सकाळ माझ्याकडे साक्षीदार नाही. मी एकटा राहतो. तो काही गुन्हा नाही ना?"

"मागच्या एका दुकानातून तुम्हाला काढलं होतं."

"सामान हरवलं होतं. दोन महिन्यांनी त्यांच्याच माळ्यावर सापडलं. तोवर मी बाहेर. सामान सापडलं, हे सांगायला कुणाचा फोन आला नाही, बाई. असे फोन कुणी करत नाही."

फौजदारबाईंनी वहीचं पान उलटलं. मग त्यांनी विचारलं, "हा फोर्क चोरून काय मिळेल?"

"भरपूर. कोरा आहे, दांडी न कापलेली. असा फोर्क कुठल्याही मापाच्या फ्रेमला बसतो. ज्याची फ्रेम लहान, तो दांडी जास्त कापतो, एवढंच. म्हणून तर कापणं सगळ्यात शेवटी. एकदा आखूड झाली की वाढवता येत नाही."

"आणि कुठे कापायची हे कसं ठरवता?"

"फ्रेममध्ये घालून. वर हँडलची पकड बसवून, खूण करून. मी कागदावरून कापत नाही." त्याने हनुवटीने भिंतीकडे खूण केली. तिथे एक कागद चिकटवलेला होता. "तो कागद दादांचा. मी शनिवारी कापणार म्हटल्यावर म्हणाले, मी चाळीस वर्षं मापं घेतोय, तू काय कापणार? मी म्हटलं, दादा, हे लाकूड नाही, तुमच्या करवतीचं काम नाही."

"मग?"

"मग काय. चहा अर्धा टाकून वर गेले."

*

दादा जिन्यावरून सावकाश उतरले. साठीपार, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि पोलादी पट्टी.

"काल गॅरेजमध्ये आला होतात?"

"रोज येतो. माझं काम आहे तिथं."

"किती वाजता?"

"दुपारी. दोन ते चार."

"फोर्क होता?"

"मी तिची खोकी उघडत नाही."

"खिडकी कुणी उघडली?"

"भुसा उडतो. खिडकी लागते."

"स्पोकबद्दल काय मत आहे?"

"चावी त्याच्याकडे आहे. याच्यापुढे मी काही म्हणणार नाही." दादांनी पट्टी खिशातून काढली, पुन्हा खिशात सरकवली. "बाई, कशाला एवढा वेळ घालवता? नेला असेल कुणीतरी. नेणाऱ्याला तरी त्याचा काय उपयोग? मी बहिणीला दुसरा घेऊन देतो. प्रकरण मिटवा."

"प्रकरण तुमच्यापुरतं मिटेल. त्या पोराच्या नोकरीचं काय?"

दादा जिन्याकडे वळले. वर निघून गेले.

*

अडीच वाजले. फौजदारबाई गॅरेजमध्ये एकट्याच उरल्या. त्यांना वैताग आला होता. तीन माणसं, तीन चाव्या आणि प्रत्येकजण काहीतरी गिळून बोलत होता. मिलिमीटरची भाषा डोक्यावरून जात होती. वरच्या साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला होता: एका सायकलीच्या तुकड्यासाठी किती वेळ?

त्यांनी मागचं सगळं बाजूला ठेवलं आणि जे समोर होतं ते पाहायला सुरुवात केली.

दादांचा ओटा. वस्तू घट्ट पकडून ठेवणाऱ्या व्हाइसच्या भोवती दोन हात जागा चकचकीत झाडलेली. बाकी सगळीकडे आठवड्याचा भुसा. कोपऱ्यात केराचा डबा. वरचा थर बारीक भुशाचा आणि त्यात काहीतरी चमकत होतं. त्यांनी स्पोकने गॅरेजमध्येच ठेवलेल्या अवजारांतलं लोहचुंबक घेऊन त्यावर फिरवलं. चुंबकाला एकही कण चिकटला नाही. म्हणजे लोखंड नव्हे. चिमटीत घेतलं. चंदेरी, हलका कीस.

मग खुंटीवरची फ्रेम. पुढच्या नळीच्या दोन्ही तोंडांना ग्रीस होतं. ग्रीसमध्ये गोल ठसा उमटलेला. काहीतरी आत घालून पुन्हा काढलं होतं. सकाळीच डॉक्टर म्हणाल्या होत्या: स्पोकचा हुकूम आहे, शनिवारपर्यंत ग्रीसचा डबा उघडायचा नाही.

फ्रेमच्या मागच्या नळीवर एक चौकोन बाकी रंगापेक्षा गडद होता. तिथलं स्टिकर कुणीतरी नखाने सोलून काढलं होतं.

शेवटी कागद. ठोकळ्यांसारखी अक्षरं: *फ्रेम मध्यम. पुढची नळी ११० मिमी. दांडी कापणे १८२.*

फौजदारबाईंनी ओट्यावर पडलेली दुसरी एक पट्टी घेतली. पुढची नळी मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली, कारण त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना.

एकशे तीस.

त्यांनी डॉक्टरांना दवाखान्यात फोन लावला. एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून वहीत एक ओळ लिहिली.

*

सव्वाचार वाजता चौघं गॅरेजमध्ये उभी होती. बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर कुणी बसलं नाही.

"चोरी झालीच नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "खिडकीतून कुणी आलं असतं तर नऊ बरण्यांवरून उडी मारून आलं असतं. चोर चाकं सोडून फोर्क नेत नाही. आणि नेण्याआधी तो फ्रेमला ग्रीस लावून, घालून, बसतो का ते पाहत तर मुळीच नाही."

स्पोकने फ्रेमच्या नळीवर बोट फिरवलं. ग्रीसकडे पाहिलं. "हे मी लावलेलं नाही."

"नाही. तुम्ही काल दुकानात होता. मी चारही माणसांना फोन केला. ओट्यावर काल धातू कापला गेला, दिवसाउजेडी, व्हाइसमध्ये धरून. लोखंड नव्हे, अ‍ॅल्युमिनियम. फोर्कची दांडी अ‍ॅल्युमिनियमची असते ना?"

"याची तर असतेच."

"कापणाऱ्याने नंतर ओटा झाडला. तेवढीच जागा. रात्री घुसणारा चोर झाडू मारत नाही. आणि तुम्ही कापली असती, तर फ्रेममध्ये घालून, खूण करून. ज्याने कापली त्याने या कागदावरून कापली. एकशे ब्याऐंशी."

दादा कागदाकडे बघत होते.

"दुपारी मला स्पोकने सांगितलं, न कापलेला फोर्क कुठल्याही फ्रेमला बसतो, म्हणून त्याला गिऱ्हाईक सहज मिळतं. अर्ध्या तासाने तुम्ही म्हणालात, दादा, नेणाऱ्याला त्याचा काय उपयोग. तो आता निरुपयोगी झालाय, हे फक्त कापणाऱ्यालाच माहीत होतं."

"माप बरोबर होतं," दादा म्हणाले. "मी स्वतः घेतलेलं. कापली, बसवली, वर हँडल धरेना. हँडलखालच्या चकत्या काढल्या, तरी धरेना. बोटभर कमी. मला कळेना. चाळीस वर्षांत मी बोटभर चुकलो नाही."

"कापण्याआधी पुन्हा मोजलं नाहीत?"

"माझंच माप मी पुन्हा का घेऊ?"

फौजदारबाई डॉक्टरांकडे वळल्या. "सांगा त्यांना."

डॉक्टरांनी ओठ दाबले. मग एका दमात बोलून टाकलं. "फ्रेम बदललीय, दादा. मध्यम मला लहान पडत होती. दुकानात त्याच मापाची सायकल चालवून पाहिली, वळताना गुडघा हँडलला लागत होता. तू लेकीकडे गेला होतास तेव्हा मोठी आणली. तोच रंग. तुला कळू नये म्हणून मापाचं स्टिकर काढलं. कागद तसाच ठेवला."

"का?"

"कारण मध्यम तू सांगितली होतीस! महिनाभर माझी मापं घेतलीस, घोट्यापासून खांद्यापर्यंत. नको म्हटलं असतं तर तू सहा महिने बोलला नसतास. गेल्या वेळी कपाटाच्या दारावरून चार महिने गप्प होतास!"

"ते दार वाकडं होतं."

"हेच! हेच म्हणतेय मी!"

"फोर्क कुठे आहे?" फौजदारबाईंनी मधेच विचारलं.

दादा वाकले. साच्यांच्या मांडणीच्या सगळ्यात खालच्या खणातून चादरीत गुंडाळलेलं लांब बोचकं काढलं. आत फोर्क होता. दांडीचं टोक कानशीने इतकं गुळगुळीत घासलेलं होतं की आरशासारखं चमकत होतं. काम नामी होतं. फक्त दोन सेंटीमीटर आखूड होतं.

"आज गुपचूप दुसरा मागवणार होतो," ते म्हणाले. "ही सकाळी दवाखान्याआधी खोकं उघडेल असं वाटलं नव्हतं. मग पोलीस आले. मग बोलणं अवघड झालं. पण मी खोटं काही बोललो नाही, बाई. चावी त्याच्याकडे आहे, एवढंच म्हटलं. ते खरंच आहे."

"तेवढ्या खऱ्यावर याची नोकरी जात होती."

स्पोकने घड्याळ पाहिलं. म्हणाला, "साडेचार वाजले."

फौजदारबाईंनी फोन काढला. नंबर लावला. पण बोलल्या नाहीत. फोन दादांपुढे धरला.

"मी?"

"पोलिसांनी मोकळं केलं, असं मी सांगेन. पण त्यात पुरावा मिळाला नाही, असंही लोक ऐकतात. चोरी झाली नाही, हे तुम्हालाच सांगावं लागेल."

दादांनी फोन घेतला. पलीकडून मालक बोलला.

"मी डॉक्टरांचा भाऊ. फोर्क घरातच आहे. मी कापला... हो, मीच. नाही, त्या मुलाने हातही लावला नाही... आखूड कापला गेला." थोडा वेळ ते ऐकत राहिले. पलीकडच्याला बहुधा पटत नव्हतं. "कसा म्हणजे? चुकलो. माप चुकलं. फ्रेम मी मध्यम सांगितली होती, तिला मोठी हवी होती. आणि मी लपवला. बहिणीपासून, पोलिसांपासून. लिहून हवं असेल तर लिहून देतो."

त्यांनी फोन परत दिला. फौजदारबाईंनी नाव, हुद्दा सांगून दोन वाक्यं बोलून फोन बंद केला.

"सोमवारी साडेनऊ," त्या स्पोकला म्हणाल्या.

स्पोकने मान हलवली. अवजारांची पेटी ओढली आणि एकेक पाना आत ठेवायला लागला. घाई नव्हती. प्रत्येक पाना पुसून.

"अरे, माझं चुकलं," डॉक्टर म्हणाल्या. "मी तो फोन करायला नको होता. थांब ना. उद्या नाही, पण दुसरा फोर्क आला की तूच बसव."

"बसवतो की." स्पोकने पेटी बंद केली. खिशातून गॅरेजची चावी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. "पण इथे नाही. दुकानात घेऊन या. पावती करा. सध्या तीन आठवड्यांचा नंबर आहे म्हणतात."

"तीन आठवडे? अरे, ओळख आहे आपली!"

"हो ना," स्पोक म्हणाला, "म्हणूनच पावती करा."