कशाला हात लावू नका

"हा बिबट्या माझा आहे."

लालबागच्या शिवाकाकांच्या फ्रेमच्या दुकानात काउंटरवर एक मोठा फोटो आडवा पसरला होता. त्याच्यावर बोट ठेवून ती मुलगी हे बोलली. आवाज मोठा नव्हता, पण 'रिक्षा माझी आहे' म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली.

सम्यकने मान वर केली. पिवळा कुर्ता, केसांत खोचलेली पेन्सिल, काखेत शाळेतल्या मुलांच्या चित्रांची गुंडाळी. ह्या चेहऱ्याची आपली ओळख नाही, असं त्याने मनातल्या मनात घाईघाईने ठरवून टाकलं. मग त्याची नजर तिच्या डोळ्यांवर गेली… आणि त्याचे कान गरम झाले.

"सॉरी… काय म्हणालात?"

"'कशाला हात लावू नका हं', असं सांगून गेला होतात," ती म्हणाली. "मी लावला."

"म्हणजे तुम्ही… लाल टोपी?"

"लाल टोपीच्या आत इरावती होती. तुम्ही विचारलं नाहीत."

शिवाकाकांना ह्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मोजपट्टी फोटोवर लावली आणि विचारलं, "खालच्या पट्टीवर नाव काय टाकायचं रे?" "सध्या… रिकामी ठेवा," सम्यक कसाबसा म्हणाला, आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. लाज लपवायला लालबागच्या फुटपाथसारखी वाईट जागा नाही. दर दोन पावलांवर कोणीतरी 'जरा सरका' म्हणतं.

झालं होतं ते असं. सम्यक लोअर परळच्या एका विमा कंपनीत अपघातांच्या फायली बघायचा, आणि वर्षभर सुट्ट्या साठवून रानावनात फोटो काढत हिंडायचा. कच्छच्या रणातली रानगाढवं झाली होती, अरुणाचलातले धनेश झाले होते. फोटो बरे यायचे, पण 'बरे'च. यंदाच्या फेब्रुवारीत तो स्पितीतल्या किब्बर गावावरच्या कड्यावर हिमबिबट्याची वाट बघत बसला होता. कितीतरी दिवस नुसता बर्फ, कडा आणि वारा. तिथे बोलायला मनाई. सगळे नाकापर्यंत गुंडाळलेले. शेजारी दुसऱ्या ग्रुपमधली एक लाल टोपी येऊन बसली. तिच्याकडे कॅमेरा नव्हता, चित्रांची वही होती. तिने खुणेने त्याला थर्मासमधला चहा दिला, त्याने खुणेने आईच्या हातचा तिखट चिवडा दिला. दोन डोळे हसले. तो कड्याकडे कमी आणि शेजारी जास्त बघायला लागला.

आणि मग पोटात कळ आली. आदल्या संध्याकाळचे मोमो आणि आईचा चिवडा ह्यांचं त्या उंचीवर अजिबात जमलं नव्हतं. अख्खा जन्म घोडपदेवच्या चाळीत, गॅलरीच्या टोकाच्या संडासाबाहेर डबा घेऊन रांगेत काढलेला मुलगा तो, कळ सोसणं त्याला नवीन नव्हतं. पण ही कळ थांबणारी नव्हती. तिला मराठी येतं की नाही ह्याचा विचार न करता तो पुटपुटला, "जरा लक्ष ठेवा… कशाला हात लावू नका हं," आणि खाली मुक्कामाच्या घराकडे धावत सुटला.

धापा टाकत परत वर आला तेव्हा बर्फ पडायला लागला होता. वाटाड्या नाचत होता. रस्ता बंद व्हायच्या भीतीने दुसऱ्या ग्रुपची जीप वळणावर दिसेनाशी होत होती, खिडकीत लाल ठिपका. आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बसला होता. दगडावर, शेपूट पायांभोवती लपेटून, सरळ कॅमेऱ्यात बघत. सम्यकने उभ्या आयुष्यात असा फोटो काढला नव्हता. हाही काढला नव्हता.

त्याने तो घरी पाठवला, खाली एवढंच लिहिलं, 'बघा.' वडिलांनी तासाभरात सगळ्या चाळीला दाखवला. तो परतला तोवर चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता, एका बाजूला बिबट्या, दुसऱ्या बाजूला तो, आणि वर ठळक अक्षरांत 'घोडपदेवचा वाघ'. आता कोणत्या तोंडाने सांगणार, की त्या क्षणी वाघ संडासात होता?

"जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार आहे," समोरच्या टपरीवर कटिंग घेताना त्याने तिला सांगून टाकलं. "रविवारी. हा फोटो लावणार आहेत."

"अरे वा. मग मी येते."

"तुम्ही… कशाला?"

"माझा बिबट्या आहे. त्याचा सत्कार मी बघायला नको?"

"तुम्ही सांगणार सगळ्यांना?"

"मी कशाला सांगू? मी चित्रकलेची बाई आहे. गप्प बसून मुलं काय करतात ते बघायची मला सवय आहे." तिने कपावरून त्याच्याकडे पाहिलं. "इतका पडलेला चेहरा मी पाचवी 'ब'मध्येसुद्धा पाहिला नाही हो. खरं सांगू? लाज मलाही वाटते. तुम्ही इतके दिवस थांबलात आणि तो आला माझ्यासमोर. हाक मारायला हवी होती तुम्हाला. पण मारली असती तर तो पळाला असता…"

तिची शाळा परळला, त्याचं ऑफिस लोअर परळला. फ्रेम झाली का ते बघायला दोघांनाही रोज लालबागला जावंसं वाटू लागलं. फ्रेम होत आली होती, पण शिवाकाका शहाणे होते. ते म्हणायचे, "उद्या या." मग दोघं चालत परत निघायची. दुसऱ्याच दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. ती बोलता बोलता त्याच्या बॅगेच्या पट्ट्याला धरून त्याला रस्ता ओलांडायला लावायची, आणि पलीकडे गेल्यावर सोडायला विसरायची. पण निघताना रोज एकच प्रश्न.

"घरी सांगितलंस?"

"आज… राहिलं."

राहतच होतं. संध्याकाळी घरी कोणी ना कोणी आलेलं असायचं. रामजी, म्हणजे सम्यकचे वडील, पाहुण्याला खुर्ची द्यायचे, आणि मुलाला म्हणायचे, "सांग रे ह्यांना. त्यानं तुझ्याकडं बघितलं तेव्हा कसं वाटलं?" सम्यक सांगायचा. काय करणार? पहिल्यांदा बिबट्या नुसता बघत होता. मग त्याने जांभई दिली. परवा तर तो दोन पावलं पुढे आला. पाहुणे 'बापरे' म्हणायचे, आणि सम्यकला जमीन दुभंगेल तर बरं असं व्हायचं.

शुक्रवारी पाहुणा गेल्यावर रामजी तसेच बसून राहिले. "तीस वर्षं गिरणीत कापड विणणारे साचे बघितले," ते म्हणाले. "मग वॉचमनकीत दुसऱ्यांचं गेट बघितलं. लांबचं असं काही बघितलं नाही मी. पण तू बघितलंस ना, मला तेवढं पुरे झालं." सम्यक त्या दिवशी जेवला नाही. आईला वाटलं, सत्काराचं टेन्शन आलंय.

शनिवारी दादरच्या चौपाटीवर ती वाळूत बोटाने काहीतरी काढत बसली होती. दगड, त्यावर शेपूट लपेटलेलं जनावर.

"उद्या नाही बोललो तर?" त्याने विचारलं.

"तर टाळ्या वाजवीन. छान वाजवते मी."

"आणि नंतर?"

तिचं बोट थांबलं. "बघ, सम्यक… खोटं बोलणाऱ्या माणसाशेजारी मी कड्यावर बसू शकते. चिवडापण खाऊ शकते. घरात नाही राहू शकत."

घर हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला होता. त्याला एकाच वेळी उडी मारावीशी वाटली आणि समुद्रात जाऊन लपावंसं वाटलं. लाट आली आणि बिबट्याची शेपूट पुसून गेली. ती हात झटकत उठली, आणि बसस्टॉपपर्यंत बॅगेचा पट्टा तिने धरला नाही.

रविवारी चाळीच्या अंगणात निळ्या पताका, स्टेज, भाड्याच्या खुर्च्या. दहावी-बारावीची मुलं झाली, बँकेत लागलेली अपूर्वा झाली. इरावती तिसऱ्या रांगेत होती, हात मांडीवर घट्ट धरून. मंडळाचा राजरत्न माईकवर म्हणाला, "आणि आता ज्याची आपण सगळे वाट बघतोय…" त्याने फोटोवरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. मग राजरत्न फ्रेमकडे वाकून म्हणाला, "अरे, पट्टीवर नाव टाकायचं राहिलं वाटतं."

"राहिलं नाही," सम्यक म्हणाला. स्टेजवर जाऊन त्याने राजरत्नच्या हातातला माईक घेतला. पहिल्या रांगेत पप्पा इस्त्रीच्या शर्टात बसले होते. त्यांच्याकडे बघून बोलायचं त्याने ठरवलं होतं. ते जमेना. तो खुर्च्यांच्या पायांकडे बघून बोलला. "हा फोटो मी काढलेला नाही. बिबट्या आला तेव्हा मी तिथं नव्हतो. मी… संडासला गेलो होतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "तिथं पण रांग होती काय रे?" आणि अख्खं अंगण खो खो हसत सुटलं. गॅलरीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. राजरत्नसुद्धा हसला. सम्यकला ते हसू सोसलं असतं. पण पहिल्या रांगेत एक माणूस हसत नव्हता.

"मग त्यानं तुझ्याकडं बघितलं ते…" रामजी बसल्या जागेवरूनच म्हणाले. हसू थांबत गेलं.

"नाही बघितलं, पप्पा. मी त्याला पाहिलाच नाही. जांभई पण खोटी. सगळं मीच जोडलं. मला लाज वाटत होती. आधी खरं सांगायची, मग खोटं बोलल्याची. माफ करा."

रामजी खाली बघत राहिले. चप्पल पायाने उगाच सरळ केली. मग त्यांनी विचारलं, "मग बघितला कोणी?"

"तिसऱ्या रांगेत आहे. पिवळा कुर्ता. फोटो तिचा आहे."

सगळ्या माना वळल्या. रामजी उठले, सावकाश चालत तिच्यापर्यंत गेले, आणि शेजारच्या खुर्चीत बसले. "जय भीम, पोरी," ते म्हणाले. "मला सांग. पहिल्यापासून सांग. काही जोडू नको."

इरावतीने सांगितलं. राजरत्न सम्यककडून माईक घेऊन धावत आला आणि तिच्यासमोर धरून उभा राहिला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं, ती फक्त रामजींना सांगत होती. आधी वरून एक दगड घरंगळला. मग दगडांतलाच एक दगड हलला, आणि त्याला शेपूट होती. तो खाली आला, बसला, थंडीत शेपूट पायांवर ओढून घेतली. तिला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. हात लावू नका सांगितलं होतं, तरी तिने लावला. बटणाचा आवाज झाला आणि त्याने पाहिलं. रागाने नाही. कोण आलंय बघावं तसं.

स्टेजवर सम्यक ऐकत होता. ते जनावर तो आत्ता पहिल्यांदा पाहत होता.

"आणि मग कुठं गेला तो?" रामजींनी विचारलं. "वर का खाली?"

इरावती अडखळली. "ते… मी नाही पाहिलं."

"का गं? समोर तर होता."

"मी मागे वळले होते." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "वाटेकडे बघत होते. म्हटलं, हा येतोय का… याने पण पाहायला हवा…"

माईक चालू होता. तिचं बोलणं चारही मजल्यांवर गेलं. कोणी हसलं नाही. रामजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्टेजकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आपली खुर्ची रिकामी केली.

"काय रे," ते म्हणाले, "आता कशाला थांबलास?"

सम्यक स्टेजवरून उतरला. ह्या वेळी त्याने उशीर केला नाही.